दोन अर्थांचं शब्दकोडं: स्मरणिकेसाठी केलेल्या कामाच्या नोंदी, बडोदे

29 जून 2025, रविवार

मंडळाच्या मीटिंगमध्ये निघालं की गणपतीच्या स्मरणिकेचं एक पान रिकामं राहतंय, जाहिरात मिळत नाहीये. मी म्हटलं, शब्दकोडं घाला. जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम, हा मंडळाचा घटनेत न लिहिलेला नियम. वर शहाणपणा करून अटही मीच घातली: शब्द शक्यतो अनेक अर्थांचे घ्यायचे आणि प्रत्येक क्लूमध्ये निदान दोन अर्थ एकदम बसवायचे.

घरी आल्यावर अर्ध्या तासात साठेक शब्द लिहून काढले. हार, मान, नाव, बोट, वीट, खोड, सर, पान, कर, काठ, डबा, दंड, टीका, राग, कोटी. वाटलं, आठवड्यात काम संपेल. ज्यांना असं कोडं करायचंय त्यांनी इथेच सावध व्हावं. यादी करणं म्हणजे लग्नाची पत्रिका छापणं. लग्न पुढेच असतं.

खर्च: चौकटीची वही 45 रुपये.

1 जुलै, मंगळवार

भाचीने सांगितलं, चौकट आखायला कॉम्प्युटरवर तयार सोय आहे, शब्द टाकले की आपोआप जुळवून देतं. टाकले. 'कोटी'ला चार घरं दिली: क, मग नुसता ओकार, मग ट, मग नुसती वेलांटी. 'दंड'ला तीन, मधलं घर फक्त अनुस्वाराचं. त्या प्रोग्रॅमला काना-मात्रा हे वेगळं अक्षर वाटतं.

भाचीने रात्री बसून काहीतरी दुरुस्त केलं. 'कोटी' दोन घरांत आली. मग 'श्लेष' टाकला, तर श्, ले, ष अशी तीन घरं. जोडाक्षर एका घरात असतं हे त्याला पटेना. साडेतीन तास गेले. उद्यापासून पेन्सिल.

4 जुलै, शुक्रवार

अकरा बाय अकराची चौकट, म्हणजे 121 घरं. दोन संध्याकाळी बसून जेमतेम एक कोपरा भरला.

अडचण अशी की इंग्रजी कोडं करणाऱ्याला 26 अक्षरं जुळवायची असतात. आपल्याकडे चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर 408 वेगवेगळी घरं होतात, जोडाक्षरं निराळीच. आडव्यात 'का' असेल तर उभ्यातही 'का'च लागतो, 'क' चालत नाही. म्हणून छेद शक्यतो र, न, क, त, ल, स असल्या मोकळ्या अक्षरांवर द्यावेत. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

कोपरा असा बसवला होता: आडवा 'कोटी'. त्याच्या 'टी'वरून उभा 'टीका', निंदा आणि भाष्य दोन्ही. 'टीका'च्या 'का'वरून आडवा 'काळ', वेळ आणि मृत्यू. इथवर इतकं छान जमलं की मी उठून चहा करून घेतला. परत येऊन पाहते तर 'काळ'च्या ळवरून खाली शब्द उतरवायचाय आणि मराठीत ळ ने सुरू होणारा शब्दच नाही. ण चंही तेच. हे कुठल्याही शाळकरी मुलाने सांगितलं असतं. मी तरी चाळीस मिनिटं शोधत बसले होते.

'काळ' काढून 'काठ' घातला. नदीचा आणि साडीचा. ठवरून 'ठराव' उतरला. त्याला एकच अर्थ आहे, पण मंडळाच्या स्मरणिकेत ठराव नसेल तर कुठे असेल, म्हणून सोडून दिला.

चौकट नऊ बाय नऊ केली. 81 घरं पुरेत.

6 जुलै, रविवार, आषाढी

उपास. साबुदाणा भिजेपर्यंत 'वीट' घेऊन बसले.

पहिला क्लू: 'भिंतीत असते, कंटाळल्यावर येतो.' नानांना (सासरे, वय 81, माझे पहिले परीक्षक) वाचून दाखवला. ते म्हणाले, "अगं, एकदा असते, एकदा येतो. म्हणजे एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी. तू तर उत्तराची शेपटी बाहेर ठेवलीस."

खरंच होतं ते. मराठीत क्रियापद चुगली करतं. ती वीट, तो वीट. तो हार, ती हार. ते नाव, ती नाव. ते बोट, ती बोट. नुसतं 'आला' म्हटलं तरी अर्धा रस्ता सांगून झाला. विभक्तीही तशीच चहाडखोर: विटेवर म्हटलं की घर बांधायची, विटाने म्हटलं की कंटाळ्याचा. पुढे दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात यादीतला एकेक शब्द काढून पु., स्त्री., न. लिहून घेतलं. तेव्हा दिसलं की ज्या शब्दांचे दोन अर्थ दोन लिंगांचे आहेत तेच चांगले आणि तेच त्रासदायक.

यावर सापडलेली युक्ती, आणि पुढे बहुतेक सगळं कोडं हिच्यावर उभं राहिलं: क्रियापद एकाच अर्थाला द्यायचं. दुसऱ्या अर्थाला क्रियापद द्यायचंच नाही, नुसती जागा दाखवायची.

दुपारी आरती चालू असताना क्लू सुचला. टाळ हातात होते, लिहिता येईना, विसरू नये म्हणून मनात घोकत राहिले.

अठ्ठावीस युगं पायाखाली, तरी विठोबाला आला नाही (2)

(कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरं.) नानांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसले. सगळ्या कोड्यातला मला सगळ्यात आवडणारा क्लू हाच.

'राग' मात्र पाच मिनिटांत झाला, कारण दोन्ही अर्थ पुल्लिंगी: 'गवयाला जमला की ऐकणाऱ्याला येत नाही (2)'. ज्यांना घाई आहे त्यांनी असे एकाच लिंगाचे शब्द आधी उरकावेत.

13 जुलै, रविवार

कोटीवरून घरात वाद.

मी क्लू दिला होता 'शब्दांची गंमत (2)'. नानांनी शाईच्या पेनाने ठसठशीत लिहिलं: श्लेष. चूक म्हणायची सोय नाही, श्लेषही दोन घरांचाच. पण त्यामुळे उभी 'टीका' गेली, 'काठ' गेला, कोपरा पुरा खलास.

एका अर्थाचा क्लू दिला की दोन-तीन उत्तरं बसतात, हे इथे पहिल्यांदा अंगावर आलं. दुसरा अर्थ घातला की कुलूप लागतं. मग केलं: 'सात शून्यांचा विनोद (2)'.

यावर नाना म्हणाले, "उत्तर आलं. पण मी कोटि लिहिणार, ऱ्हस्व." त्यांचं शालेय शिक्षण 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं. कवि, गुरु, मति, कोटि. मी सांगितलं, आता शेवटचा इकार दीर्घ, आणि उभी टीका दीर्घच आहे, ऱ्हस्व लिहिलं तर ती 'टिका' होईल. ते म्हणाले, "तुझी टीका सांभाळायला मी माझी कोटि का बिघडवू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोड्याखाली ओळ टाकायचं ठरवलं: सध्याचे लेखननियम पाळले आहेत.

त्याच बैठकीत 'कर'चाही निकाल लागला. क्लू 'महापालिका मागते, आई सांगते (2)'. नाना: "बडोद्यात कर कोण म्हणतं? आपण वेरा म्हणतो. वेरा भरला का, असंच विचारतो ना?" हेही बरोबर, आणि 'वेरा'सुद्धा दोनच घरं! पण आई 'वेरा' असं काही सांगत नाही, म्हणून क्लू वाचला. जाता जाता एक टोमणा मिळाला: "महाराजांनी 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवला, एकेका शब्दाचा अर्थ पक्का व्हावा म्हणून. आणि त्याच गावात बसून तू एकाचे तीन करतेस."

सयाजीशासनशब्दकल्पतरु म्हणतात तो कोश. नाना कौतुकही असंच करतात, समजून घ्यावं लागतं.

15 जुलै, मंगळवार

मंडळाचा निरोप: कोडं मोदकाच्या आकाराचं करता येईल का?

चूक माझीच. मीच मागे कधीतरी शहाणपणाने सांगितलं होतं की जगातलं पहिलं शब्दकोडं, आर्थर विनने 21 डिसेंबर 1913 ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलेलं, हिऱ्याच्या आकाराचं होतं. हिरा चालतो तर मोदक का नाही?

एक पूर्ण संध्याकाळ मोदक केला. टोकाला एकच घर येतं, त्याच्या खाली तीन. तीन घरांचा आडवा शब्द, मधल्या घरावरून टोक जोडायचं, आणि कळ्यांपाशी सगळीकडे एकेकटी घरं लोंबतात. दिसायला कांद्यासारखं झालं. चौकोनावर परत. कडेला मोदकाचं चित्र काढा म्हटलं.

20 जुलै, रविवार

वीस झेरॉक्स, 60 रुपये. चार प्रती पुण्याला मावशीकडे फोटो काढून पाठवल्या, बाकी इथे ओळखीच्यांत वाटल्या. या दिवसाने सगळ्यात जास्त शिकवलं.

आधी फजिती. 'बरोबरी (2)' असा एक आळशी क्लू राहून गेला होता, उत्तर 'सर'. पुण्याच्या चारातल्या तिघांनी 'तोड' लिहिलं. त्याची सर नाही, त्याला तोड नाही, दोन्ही एकच. स वरून खाली उतरणारे शब्द त्यांचे अर्थातच आले नाहीत, आणि मावशीने फोनवर "तुझं कोडंच चुकलंय" असं ठणकावलं.

मग चिडून दुसऱ्या टोकाला गेले: 'पावसाची, मोत्यांचा, शाळेतले (2)'. तीन अर्थ. शेजारच्या चौथीतल्या मुलीने चप्पल काढता काढता उत्तर दिलं. एक अर्थ दिला तर ढिला, तीन दिले तर पाटी लिहून लावल्यासारखं. दोनवर आले: 'श्रावणात येते, नकलेला अस्सलाची येत नाही (2)'. दोन्हीकडे स्त्रीलिंगच, त्यामुळे क्रियापदाचीही कटकट नाही.

'खोड' फारच सोपं निघालं. 'झाडाचं असतं, जित्याची जात नाही.' म्हणच आहे ती, अर्ध्यावरच लोक पूर्ण करतात. तसंच ठेवलं. एखाद्याला पहिलं उत्तर तरी पटकन मिळायला हवं.

आणि 'पोळ'. क्लू: 'पुण्यात शिंगं, बडोद्यात घरं (2)'. आपल्याकडे पोळ म्हणजे मोकाट सोडलेला माजलेला सांड. बडोद्यात पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली, दोन्ही अंगांनी चिकटून घरं असलेली. मला वाटलं होतं दोन्ही गावांना येईल. झालं उलटंच. पुण्यातल्या भाचरांना गल्ली माहीत नाही, आणि सांड म्हणजे पोळ हेही फक्त मावशीला माहीत. इथल्या मुलांना गल्ली तोंडपाठ, पण 'शिंगं कुठली?' म्हणून अडली. अर्धा शब्द तिकडे, अर्धा इकडे. काढून टाकावा असा विचार आला. पण स्मरणिका बडोद्याची आहे. राहू दे.

25 जुलै, शुक्रवार

एक तीन घरांचा शब्द हवा होता, पहिली दोन अक्षरं मोकळी, शेवट 'रा', म्हणजे त्यावरून 'राग' उतरेल. भांडी लावताना एकदम जुनी गोष्ट आठवली.

लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बेन दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नवरा छो?" मी म्हटलं, "ऑफिसला गेलेत." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. गुजरातीत 'नवरा छो' म्हणजे रिकाम्या आहात का, हे मला संध्याकाळी घरातल्यांनी पोट धरून हसून झाल्यावर सांगितलं.

शेजारीण विचारते 'आहात का?', आपण सांगतो 'ऑफिसला गेलेत' (3)

इतक्या वर्षांनी तो फजितीचा प्रसंग कामी आला. पुण्याला पाठवला नाही. इथे ज्या बायकांना दाखवला त्या सगळ्यांना आला, आणि प्रत्येकीकडे अशीच एक गोष्ट निघाली, त्यात माझा दीड तास गेला.

आज चौकट पूर्ण. आडवे 15, उभे 14. त्यातले दोन अर्थांचे 22, बाकी सात साधेच राहिले. जमेना तिथे ओढूनताणून दोन अर्थ काढायचे नाहीत असं ठरवलं.

2 ऑगस्ट, शनिवार

छपाईवाल्याकडचं पहिलं प्रूफ. टायपिंग आणि मांडणीचे 400 रुपये.

मी दिलेली फाईल त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की नुसती चौकोनांची रांग दिसे. म्हणून त्याने कागदावरून पाहून सगळं पुन्हा टाइप केलं, हिंदीच्या फाँटमध्ये. ल आणि श हिंदी वळणाचे आले, ते मी गिळले. पण ळ जिथे होता तिथे ल. 'पोल'. वर 'काली घरे'. मी म्हटलं, तुमच्या गुजरातीत ळ आहे की, रोज बोलता. तो म्हणाला, "बोलायला आहे बेन, या कीबोर्डवर सापडत नाही." शेवटी एकदा सापडलेला ळ कॉपी करून त्याने प्रत्येक ठिकाणी चिकटवला.

शिवाय चौकटीत इंग्रजी आकडे आणि क्लूंना देवनागरी. आणि 'वीट'चा क्लू लांब म्हणून त्याने स्वतःच्या बुद्धीने कापून 'अठ्ठावीस युगं पायाखाली' एवढाच ठेवला होता!

दुरुस्तीचे 150 वेगळे.

9 ऑगस्ट, शनिवार

राखी असूनही दुसरं प्रूफ पाहिलं. अक्षरं सगळी बरोबर. क्लू आणि चौकटीतले क्रमांक बोट ठेवून जुळवले, नंतर यांच्याकडून पुन्हा जुळवून घेतले. सही करून दिलं. अक्षरंच तपासली, कुठलं पान कुठे येतंय ते पाहिलं नाही.

26 ऑगस्ट, मंगळवार

स्मरणिका आली. 300 प्रती. कोडं पान 31 वर. उत्तरं शेवटून तिसऱ्या पानावर उलटी छापायची ठरलं होतं, पण ऐनवेळी जाहिरात मिळाली, उत्तरं सरकली आणि पान 32 वर गेली. म्हणजे त्याच कागदाच्या पाठीवर. कागद पातळ. उजेडात धरला की कोड्याच्या रिकाम्या घरांमागे भरलेली घरं दिसतात.

'पान' माझ्या यादीत पहिल्या दिवसापासून होतं. झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं, जेवणाचं असे चार अर्थ लिहून ठेवले होते. त्याला मागची बाजू असते एवढं विसरले.

रात्री घरी बसून उत्तरांच्या चौकटीवर काळ्या चार्टपेपरचे तुकडे चिकटवले. मी, हे, भाची आणि नाना. 180 प्रतींनंतर गोंद संपला, उरलेल्या तशाच गेल्या. चार्टपेपर आणि गोंद मिळून 90 रुपये. वेळ साडेचार तास.

आतापर्यंतचा एकूण खर्च 745. मंडळाने 500 दिले. वेळ मोजला तर पन्नासेक तास, मोदक धरून.

6 सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

विसर्जनाला जायच्या आधी पेटी उघडली. उत्तरांच्या 41 चिठ्ठ्या. काही मुलांची उत्तरं सगळी अचूक आणि काना-मात्रेच्या जागा मात्र उलट्या बाजूला. ती कुठून आली ते कळलंच. त्यांना बाद केलं नाही, उलटं वाचून लिहिण्यातही मेहनत आहे.

'वीट' बहुतेकांना आला. 'पोळ' चौघांना.

एका सहावीतल्या मुलाची चिठ्ठी बाजूला ठेवावी लागली. 'डबा'चा क्लू होता 'एकात भाजी, एकात माणसं (2)'. जेवणाचा आणि आगगाडीचा. त्याने लिहिलं होतं 'गाडी'. त्यामुळे आडव्या 'दंड'चा ड जुळेना, म्हणून त्याने 'दंड' बरोबर आलेला असूनही खोडून टाकला होता. त्याला बोलावून समजावलं की डबा हवा होता. तो म्हणाला, "काकू, भाजीची गाडी रोज सकाळी आपल्या पोळात येते. भोंगा लावून. तुम्हीच तर घेता तिच्यावरून."

नानांनी त्याची चिठ्ठी मागून घेतली, चष्मा लावून पाहिली, आणि स्वतःच्या पेनाने 'दंड' पुन्हा भरून तिच्यावर बरोबरची खूण केली. मी परीक्षक असून मला कोणी विचारलं नाही.